पवनारचं रवाळ तूप आणि माझं चौथं प्रकरण

वर्ध्याला कशाला गेली होतीस, असं आल्यापासून जो तो विचारतो. 'तूप बघायला' हे खरं उत्तर मी दोनदा देऊन पाहिलं. दोन्ही वेळा समोरचा माणूस हसला आणि आश्रम पाहिलास का, म्हणून विचारू लागला. आश्रम पाहिला, पण धावत. बाकी चार दिवस मी तुपाच्या एका पातेल्याभोवती घिरट्या घातल्या आणि ते तूप दोनदा बिघडवलं. पुन्हा पुन्हा तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढलेलं बरं.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी पुण्यात पदार्थविज्ञानात पीएचडी करते. सहावं वर्ष चालू आहे, त्यामुळे नातेवाइकांनी विचारणं सोडलं आहे. प्रयोगशाळेत माझं काही नसतं. एक खुर्ची आणि एक कॉम्प्युटर एवढंच. पाणी गोठतं तेव्हा सगळं कसं शिस्तीत होतं. पण साबण, दही, शाई, तूप असल्या मऊ पदार्थांचं गोठणं फार लहरी असतं. तेच तूप आज गुळगुळीत थिजतं आणि उद्या दाणेदार. हे का होतं, ते मी कॉम्प्युटरच्या आत करून बघते. तुपाचा प्रत्येक रेणू म्हणजे तीन शेपट्यांचा मण्यांचा झुबका. असे काही हजार झुबके एका काल्पनिक डबीत भरायचे आणि मग फासे टाकायचे. फाशाप्रमाणे एखादा मणी थोडा हलवायचा, त्याला तिथं बरं वाटलं तर राहू द्यायचा, नाही तर परत जागेवर आणायचा. असं अब्जावधी वेळा करायचं आणि हळूहळू तापमान उतरवत न्यायचं. हे सगळं अर्थात कॉम्प्युटर करतो; मी चहा पिते.

प्रबंधाचं चौथं प्रकरण या दाण्यांवर होतं. तूप सावकाश थंड केलं की रवाळ होतं, हे मला माझ्या डबीत दाखवायचं होतं. तीन वर्षं दाखवत होते, आणि तीन वर्षं दाणा धरत नव्हता. कितीही सावकाश थंड करा, शेवटी एक भुसभुशीत गोळा. डिसेंबरात सरांनी शांतपणे सांगितलं, "जानेवारी संपेपर्यंत दाणा आला नाही तर हे प्रकरण काढून टाक. तीन प्रकरणांवर देऊ." सर चांगले आहेत, म्हणूनच ते वाक्य जास्त लागलं. तीन वर्षं काढून टाकायची म्हणजे माझ्या हिशेबी निम्मी पीएचडी काढून टाकायची.

त्या दिवशी घरी आले आणि वरणभातावर तूप घ्यायला बरणी उघडली. ही बरणी प्रज्ञाने दिलेली. प्रज्ञा माझी हॉस्टेलची रूममेट, आता वर्ध्याजवळ सावंगीच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवाळीनंतर पुण्याला आली तेव्हा तिने आत्याकडच्या तुपाच्या दोन बरण्या आणल्या होत्या, एक मला दिली आणि एक स्वतःसाठी परत नेली. माझी तळाला आली होती. पण चमच्यात जे आलं त्यातले दाणे ज्वारीएवढे होते, सगळे सारखे. मी जेवण तसंच ठेवून तिला फोन केला.

"आत्या दर वेळी असंच करते," ती म्हणाली. "कधी बिघडत नाही."

"कसं करते?"

"मला काय माहीत? येऊन बघ."

सावंगी, गुरुवार

रात्रभराचा प्रवास करून सकाळी वर्ध्याला उतरले. प्रज्ञा स्कूटर घेऊन स्टेशनबाहेर उभी होती. थंडी पुण्यापेक्षा बोचरी, पण ऊन स्वच्छ. सावंगीला तिच्या खोलीवर सामान टाकण्याआधी एका टपरीवर पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल तर्री ओततात, चण्याची. मी जपून अर्धी पळी घे म्हटलं तर पोहेवाल्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पूर्ण पळी घेतली. पुढचा अर्धा तास नाक पुसण्यात गेला. आजूबाजूला पांढऱ्या कोटातली मुलं तेच पोहे सुपारी चघळावी तसे सहज खात होती.

इथली एक गोष्ट पहिल्याच तासात लक्षात आली. पुण्यात माणूस मनात दहा प्रश्न असले तरी एकही विचारत नाही. इथे पोहेवाल्यापासून घरमालकिणीपर्यंत सगळ्यांनी मला कुठून आली, काऊन (म्हणजे कशाला) आली, लग्न झालं का, आणि नाही झालं तर काऊन नाई, हे चारही प्रश्न त्याच क्रमाने विचारले. गंमत म्हणजे वाईट वाटलं नाही. उत्तर ऐकून ते लगेच पुढच्या कामाला लागतात, मनात धरून बसत नाहीत.

पवनार, त्याच दिवशी

दुपारी पवनारला गेलो. धाम नदीत या दिवसांत पाणी बेताचं, खडकांच्या मधून वाहणारं. पुलावरून आश्रम दिसतो. मंदाआत्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, पुढे मोठं आंगण, बाजूला दोन म्हशी आणि एक गाय. ओसरीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, दोन्ही काचा लख्ख पुसलेल्या. आत्या साठीच्या, उंच, आवाज खणखणीत. मी वाकायला गेले तर त्यांनी दंडाला धरून उभं केलं.

"जय भीम. वाकू गिकू नोको. प्रज्ञी म्हणे तू तूप पाह्यले आली. काऊन व, पुण्यात तूप भेटत नाई का?"

मी माझं काम समजावलं. मणी, झुबके, फासे. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तू तूप करत नाई."

"नाही."

"खातबी नाई त्या डबीतलं."

"नाही."

"मंग का करतं त्याचं?"

प्रज्ञा तोंड फिरवून हसत होती. हाच प्रश्न सहा वर्षांत वेगवेगळ्या भाषेत मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. उत्तर अजून जमलेलं नाही.

आत्यांनी सकाळीच लोणी कढवून ठेवलं होतं. गाळलेलं तूप मोठ्या गंजात होतं. पातेल्याला इथे गंज म्हणतात. आता ते निवायची वाट पाहणं चाललं होतं. आत्या अधूनमधून येऊन मनगटाची आतली बाजू गंजाला लावायच्या. आंगणात उलट्या टाकलेल्या लोखंडी तव्यावर झाकणाची एक लहान पितळी वाटी उन्हात ठेवली होती. तीत मागच्या खेपेचं तूप. त्याला त्या 'जुनं' म्हणतात. तव्याच्या उबेने ते सावकाश वितळलं. मनगटाला गंज सोसायला लागला तेव्हा त्यांनी त्या वाटीतलं एक चमचा तूप गंजात सोडलं, एकदाच पळी फिरवली, झाकण घातलं आणि गंज एका मोठ्या टोपल्यात सरकीच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरला. वरून गोधडी.

"झालं. आता उद्या दुपारी पाह्यजो. तोवर हात लावायचा नाई."

सरकी म्हणजे कापसातलं बी. या जिल्ह्यात कापूस आणि सरकी पावलोपावली. म्हशी ती खातात आणि तुपाला ती गोधडीचं काम करते. मला ते फारच आवडलं. सावकाश थंड करणं म्हणजे हेच तर, फक्त मी त्यासाठी तीन हजार ओळींचा प्रोग्राम लिहिला होता.

आणि मग मी जे केलं ते फक्त आमच्यासारखीच माणसं करतील. मी सोबत सळीचा डिजिटल थर्मामीटर नेला होता. आत्या आत किंवा म्हशींकडे गेल्या की मी सरकी बाजूला सारायची, झाकण किलकिलं करायचं, सळी तुपात बुडवायची, आकडा वहीत लिहायचा आणि सगळं होतं तसं करून ठेवायचं. संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाने. इतका सुंदर आलेख निघाला होता की मी त्याचा फोटो काढून सरांना पाठवला.

रात्री जेवायला ज्वारीची भाकर, भरीत आणि सोलेभाजी. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. पुण्यात मटार जितक्या कौतुकाने खातात तितक्याच कौतुकाने इथे हे थंडीभर खातात. मी तीन भाकरी खाल्ल्या.

पवनार, शुक्रवार

दुपारी आत्यांनी गोधडी काढली, झाकण उघडलं आणि पळी माझ्या हातात दिली. तूप पांढरंशुभ्र, गुळगुळीत, लोण्यासारखं. दाण्याचं नाव नाही.

"सरकी हाललेली होती," आत्या म्हणाल्या. "मले वाटलं मांजर आली असंल."

मी वही दाखवली. त्यांनी आलेख उलटासुलटा करून पाहिला.

"पोरी, दर घडीले सुई टोचली तं कोणाले झोप लागंल?"

मला शास्त्र ठाऊक होतं, म्हणून जास्त लाज वाटली. थंड होत आलेल्या द्रवाला ढवळलं, डिवचलं की एकदम असंख्य बारीक कण धरतात आणि मोठा दाणा व्हायला जागाच उरत नाही. हे मी पहिल्या प्रकरणात स्वतः लिहिलं आहे. लिहिलेलं आणि हाताला कळलेलं यात फरक असतो, दुसरं काय.

आत्या रागावल्या नाहीत. "वाया नाई गेलं. पुन्हा वितयवू," म्हणाल्या आणि गंज चुलीवर चढवला. तूप पाण्यासारखं झालं, पुन्हा निवायला ठेवलं. पितळी वाटी पुन्हा तव्यावर उन्हात गेली.

त्या दिवशी आभाळ होतं. ऊन येई-जाई. वाटीतलं तूप अर्धं वितळलं, अर्धं ढगाळ राहिलं. तेवढ्यात शेतातून निरोप आला आणि आत्या घाईने गेल्या. जाताना सांगून गेल्या, जुनं वितयलं का मले हाक मारजो.

मी वाट पाहिली. गंज निवत चालला होता. ऊन येईना. आदल्या दिवशीची चूक भरून काढायची मला घाई झाली होती, हे कबूल करते. मी वाटी उचलून गॅसवर धरली. आणि एकदा धरल्यावर, आत कुठे एखादा कण शिल्लक राहू नये म्हणून, चांगली वाफ येईपर्यंत तापवली. तूप काचेसारखं नितळ झालं. मग ती निववून परत तव्यावर ठेवली आणि हाक मारली. आत्यांनी नितळ तूप पाहिलं, समाधानाने मान हलवली, चमचाभर गंजात सोडलं, गंज सरकीत पुरला. मी गॅसचं बोलले नाही. बोलण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही, कारण वितळलेलं तूप म्हणजे वितळलेलं तूप.

हिंगणघाट, शनिवार

सकाळी आत्यांनी फर्मान काढलं, "तुमी दोघी हिंगणघाटले जा. सुधीरले भेटा, डबा देजा. बाराच्या आत वापस येऊ नोका." सुधीर त्यांचा मुलगा, तिथल्या एका जिनिंगमध्ये काम करतो. डब्याचं निमित्त होतं. मला गंजापासून लांब ठेवायचं होतं, हे लहान मुलालाही कळलं असतं.

बसने गेलो. जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग घराएवढे. आत यंत्रं कापूस ओढून घेतात, रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे. हवेत तंतू तरंगत असतात. बाहेर आलो तेव्हा आम्हा दोघींच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. सुधीर गप्पिष्ट निघाला.

"आईनं कोणती सरकी वापरली? जुनी न?" त्याने विचारलं. "ताजी ओली सरकी ढिगात राह्यली का आपोआप गरम होते. हात घालून पाहा." एका ढिगात त्याने माझा हात कोपरापर्यंत घालायला लावला. आत खरंच ऊब होती. "आई हे सारं न शिकता जाणते. मी मात्र इथं येऊन शिकलो."

त्याने संत्री दिली आणि आम्हाला बसवर सोडलं. परतताना खिडकीबाहेर वेचणी झालेली कपाशी, तूर, मधूनच हरभरा. मला दुपारच्या झाकणाचीच ओढ लागली होती. या वेळी काही टोचलं नव्हतं, सरकी जुनी होती, सगळं रीतसर झालं होतं. हा दाणा आला की तो कसा आला हे मी आत्यांना खोदून विचारणार होते आणि पुण्याला जाऊन तसंच करणार होते. चौथं प्रकरण वाचणार होतं.

पवनार, शनिवार दुपार

झाकण उघडलं. दाणा नव्हता. पांढरं, भुसभुशीत, मध्ये भेगा पडलेलं काहीतरी. ते माझ्या ओळखीचं होतं. तीन वर्षं माझ्या स्क्रीनवर हेच यायचं.

आत्या ओसरीवर बसल्या. "असं कधीच झालं नाई," त्या हळूच म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारखं. मग पितळी वाटी हातात घेऊन आत बोट फिरवलं. वाटीतही तेच, बारीक पीठ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, जुनं कुठी वितयवलं तू?"

मी सांगितलं. गॅसवर. वाफ येईपर्यंत.

"सारंच?"

"सगळं. पूर्ण नितळ झालं होतं आत्या, उन्हातल्यासारखंच."

"दिसते सारकंच. आगीवर गेलं का थे पाणी होऊन जाते. मंग त्याच्यात काई राह्यत नाई. उनात वितयलं तं त्याले ध्यान राह्यते."

त्यांनी वाटी मांडीवर ठेवली. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "हे माह्या सासूचं होतं. तिच्या काळी आमच्या हातचं तूप गावात कोणी घेत नोहोतं. इकायचं कोणाले? म्हून घरीच खायचो, अन् दर खेपेले वाटीभर मांगं ठेवायचो. कवाच संपलं नाई. आता घेतात सारे, घरी येऊन घेतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन पिढ्या न तुटलेली गोष्ट मी गॅसच्या शेगडीवर दोन मिनिटांत संपवली होती, आणि तीही स्वच्छतेच्या हौसेने. मी माफी मागितली. आत्या म्हणाल्या, "तुले का मालूम," आणि म्हशीकडे गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी तिथेच ओसरीवर बसून राहिले, आणि एवढ्या शरमेतही डोक्यात दुसरंच काहीतरी सुरू झालं. माझा प्रोग्राम पहिली गोष्ट काय करतो? डबीतले सगळे रेणू आधी खूप तापवतो. मी ते कसे मांडले होते याची खूणही राहू नये, म्हणून. पहिल्या वर्षी हे शिकवतात. चांगली सवय मानली जाते. कोऱ्या पाटीवरून सुरुवात करा, म्हणजे तुमची लबाडी निकालात शिरणार नाही. मी चारशेच्या वर वेळा डबी भरली होती आणि चारशेच्या वर वेळा आधी ती गॅसवर धरली होती. उन्हात जेमतेम वितळलेल्या तुपात डोळ्याला न दिसणारे काही झुबके अजून एकमेकांना लागून रांगेत उभे असतात. थंड होताना दाणा त्यांच्याभोवती धरतो. पुस्तकात हे आहे, मी वाचलेलंही आहे. पण ते माझ्या बाबतीत आहे हे मला कधी सुचलं नाही.

प्रज्ञा बाजूला येऊन बसली. "माझ्या खोलीवरची बरणी," ती एकदम म्हणाली. "दिवाळीची. मी डाएटवर आहे म्हणून पडून आहे ती."

आम्ही स्कूटर काढली. पवनार ते सावंगी, वर्ध्याच्या मधून, बाजाराच्या गर्दीतून. बरणी फडताळात मागे होती. तळाला चार चमचे असेल. दाणेदार. मी ती दोन्ही हातांनी धरून मागे बसले आणि प्रज्ञाला सांगितलं, खड्डे बघून चालव. एरवी मी कोणाला असं सांगत नाही.

आत्यांनी बरणी उजेडात धरली, तिरपी केली, एक दाणा बोटावर घेऊन चोळला. "आपलंच आहे," म्हणाल्या. ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

पवनार, रविवार

सकाळी रोडगे केले. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. तूप अर्थातच माझं बिघडलेलं. गंजातलं निम्मं त्यासाठी काढून घेतलं होतं. चवीत काडीचा फरक नव्हता. मी तसं म्हटलं.

"चव तेच," आत्या म्हणाल्या. "पण दाताखाली कणी आली का समजते, कोणाच्या घरचं आहे."

जेवता जेवता मी त्यांना विचारलं, वितळवायचंच कशाला, दाणे तसेच का टाकत नाही? "तशीच कणी टाकली तं बुडाशी जाऊन बसते. वर सारं पातय." म्हणजे विसरू तर द्यायचं नाही, पण मोकळं करून सगळीकडे पसरू द्यायचं. मी हे वहीत लिहून घेतलं. या वेळी आलेख काढला नाही.

सुदैवाने ऊन कडक होतं. दुपारी बरणीतलं तूप पितळी वाटीत, वाटी तव्यावर. मी शेजारी पाटावर बसून राखण केली आणि हात मांडीखाली दाबून ठेवले. गंजातलं उरलेलं तूप वितळून निवलं. आत्यांनी मनगट लावलं आणि मग माझं मनगट धरून लावलं. "एवढंच. ध्यानात ठेवजो." एक चमचा, पळीचा एक फेरा, झाकण, सरकी, गोधडी.

माझी गाडी संध्याकाळी होती, झाकण उघडणार सोमवारी दुपारी. राहता आलं असतं तर राहिले असते, पण सुटी संपली होती. आत्यांनी शिदोरी दिली: उरलेले रोडगे, संत्री आणि वर्ध्याचा गोरसपाक, म्हणजे तिथली तुपातली बिस्किटं. "येजो," म्हणाल्या. "थे सुई घरी ठेवून येजो."

पुणे

सोमवारी दुपारी मी इन्स्टिट्यूटच्या कँटीनमध्ये होते तेव्हा प्रज्ञाचा फोटो आला. गंजात तूप, वर पातळ सोनेरी थर आणि खाली ज्वारीएवढे दाणे, सगळे सारखे. शेजारी पितळी वाटी, काठोकाठ भरलेली. मी तो फोटो समोरच्या अनोळखी मुलाला दाखवला. तो म्हणाला, छान आहे.

मग खाली येऊन प्रोग्राम उघडला. तापवण्याची ओळ सापडली. ती मी पहिल्या वर्षी लिहिली होती आणि तिच्या बाजूला माझ्याच शब्दांत शेरा होता: 'आधीचं सगळं पुसून टाक.' ती ओळ काढली. एका डबीत दाणेदार स्फटिक बनवून तो जेमतेम वितळेपर्यंतच तापवला, त्यातले थोडे झुबके मोठ्या डबीत सोडले, सगळीकडे पसरू दिले आणि सावकाश थंड करायला लावलं.

सरांना सगळं सांगितलं. टोचलेली सळी आणि गॅससकट. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुझ्या चारशे रन चुकीच्या होत्या?"

"चुकीच्या नाहीत सर. पण सगळ्या एकच सांगतात, आधीचं पुसलं तर दाणा येत नाही. तो निम्मा निकाल आहे."

"आणि उरलेला निम्मा?"

"चालू आहे."

त्यांनी मला मार्चपर्यंत वेळ दिला. प्रकरण तूर्त राहिलं.

अकराव्या दिवशी सकाळी स्क्रीनवर पहिला दाणा दिसला. डबीच्या एका कोपऱ्यात शंभर-सव्वाशे झुबके रांगेत उभे होते आणि त्यांना नवे येऊन चिकटत होते. मी खुर्चीवरून उठले, परत बसले, आणि मग सरांच्या आधी आत्यांना फोन लावला.

"आत्या, कणी धरली. माझ्या डबीत."

"खरंच? केवढी? सरकीएवढी?"

"नाही, खूप लहान. डोळ्यांनी दिसणार नाही एवढी. पण आहे. थांबवून मोजून घेऊ का, की—"

"काऊन हात लावतं?" आत्या ओरडल्याच. "झाकून ठेव. उद्या पाह्यजो."

मी स्क्रीन बंद केला आणि घरी गेले.